खेळ तुमचा, मौज तुमची, राबणाऱ्याचं काय?

भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरात सुरक्षेचा नियम म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आयुध निर्माणीच्या फाटकातून आत जाणाऱ्याच्या खिशात काडेपेटी चालत नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आणि नियमांची भिंत उभी असतानाही काय घडू शकतं, तेही इथं ठाऊक आहे. २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी निर्माणीच्या एलटीपीई विभागात स्फोट झाला, इमारतीचं छत खाली आलं आणि त्या दिवशी आठ कामगारांचा जीव गेला. त्यात विशीतलं पोरगं होतं आणि निवृत्तीकडे झुकलेला माणूसही होता. वर्षभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये, याच निर्माणीतल्या स्फोटात एक कामगार गेला होता.

निर्माणीला तेव्हा कारखाना कायदा होता, सुरक्षा अधिकारी आहे, युनियन आहे, चौकशी समित्या आहेत. एवढं असूनही माणसं मेली, म्हणून जाब विचारता आला. नेते आले, कॅमेरे आले, संसदेतल्या लोकांना उत्तर द्यावं लागलं. आता कंपाउंडच्या बाहेर या. महामार्गावर ठाणा पेट्रोल पंपाजवळ उभे राहा आणि जिल्हाभर नजर टाका. जलतरण तलावावर क्लोरीन ओतणारा पोरगा, टर्फवर रात्री बारापर्यंत दिवे सांभाळणारा, जिममधली ट्रेनर, मंडईच्या नाटकात पहाटेपर्यंत उभी राहणारी नटी, जंगल सफारीचा गाईड, तालुका क्रीडा संकुलात मानधनावर शिकवणारी कबड्डीची मॅडम. हे सगळे काम करतात. त्यांच्या कामाला आपण काम म्हणत नाही, कारण ते करत असतात तेव्हा आपण मजेत असतो.

या आठवड्याचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी हातचं राखून म्हणणार नाही: दुसऱ्याच्या मौजेसाठी राबणारा माणूस कामगार आहे, त्याला कारखान्यातल्या कामगाराइतकाच कायदा लागू असला पाहिजे. बऱ्याच बाबतीत तो आजही लागू आहे. आपण तो वापरत नाही.

वाचकहो, एक कायदा समोर ठेवतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा. १९९७ च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी आला. हा कायदा ऑफिसातल्या बायांसाठी आहे, असा आपल्याकडे पक्का समज. कायदा उघडून बघा. कामाच्या ठिकाणाची व्याख्या करताना त्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेची जागा ही नावं घेऊन लिहिली आहेत. मग ती जागा निवासी असो की नसो, सरावाची असो की सामन्याची. मनोरंजनाचा धंदा करणाऱ्या संस्था त्याच व्याख्येत आहेत. कामासाठी जिथं जावं लागतं ती जागा आहे, आणि मालकानं दिलेली गाडीसुद्धा आहे. कर्मचारी कोण, तर कायम, हंगामी, रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ, पगार घेणारी आणि पगार न घेणारीसुद्धा. 'ती तर मानधनावर आहे' ही पळवाट कायद्यानं २०१३ मध्येच बुजवली.

आता हा कायदा घेऊन आपल्या झाडीपट्टीत या.

दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मंडई लागते. दिवसा बाजार, दंडार, खडी गंमत, रात्री नाटक. धान कापून झालेल्या बांधीत शामियाना पडतो, कनाती लागतात, जनरेटर धडधडायला लागतो. रात्री दहाला पडदा उघडतो तो कोंबडा आरवेपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे या धंद्याचं केंद्र. तिथल्या कंपन्यांचे फलक बघूनच गावं नाटक ठरवतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या लोकांना कळलं की झाडीपट्टी नावाची रंगभूमी आहे, ती सरकारी अनुदानाशिवाय चालते आणि हजारोंच्या गर्दीला रात्रभर बसवून ठेवते. आपल्याला या गोष्टीचा अभिमान आहे. असायलाच पाहिजे.

पण त्या स्टेजच्या मागं जाऊन पाहा. मेकअपची खोली म्हणजे चार बांबू आणि एक कनात. ती कनात वाऱ्यानं हलते आणि फटीतून गावची पोट्टी डोकावतात. लुगडं बदलायचं तर दुसऱ्या नटीनं चादर धरून उभं राहायचं. संडास? शेत आहे ना. बारा-तेरा तासांचा प्रवास आणि प्रयोग धरून ही बाई तिथं असते, पौषातल्या थंडीत, पातळ साडीत. मासिक पाळीत असेल तर तिनं काय करायचं, हा प्रश्न मंडईच्या बैठकीत निघाल्याचं कुणी सांगत नाही. वर्गणी निघते, पाहुण्यांच्या खुर्च्या निघतात, नारळ कुणी फोडायचा यावर भांडण निघतं. संडास निघत नाही.

वायरिंग पाहा. जनरेटरवरून निघालेली तार उघड्या जोडांवर चिकटपट्टी मारून ओल्या बांधीतून स्टेजपर्यंत जाते. दवानं जमीन भिजलेली, त्यावरून अनवाणी नाचायचं. दिवे चढवणारं पोरगं बांबूला पाय अडकवून वर जातं. कमरेला पट्टा नाही, हातात मोजे नाहीत. आयुध निर्माणीत कुणी असं वर चढलं असतं तर सुपरवायझरनं त्याला खाली ओढून मेमो दिला असता. तेच पोरगं संध्याकाळी गावच्या नाटकात चढतं तेव्हा आपण खालून म्हणतो, 'लवकर लाव ना बे, टाइम झाला!'

आणि नाटक संपल्यावर? पहाटे गाडी निघते. ड्रायव्हर रात्रभर जागा असतो, कारण पडदे ओढायलाही तोच असतो. धानाचे ट्रॅक्टर, महामार्गावरचे ट्रेलर, धुकं. या गाडीत दहा-पंधरा माणसं आणि त्यांच्या मांडीवर ढोलकी. कायद्याच्या व्याख्येत ती गाडी कामाचं ठिकाण आहे. त्या गाडीत काही घडलं, कुणी हात लावला, कुणी घाण बोललं, तर ते कामाच्या ठिकाणी घडलं.

'का बाप्पा, नाटकात कायचा आला कायदा?' असं विचारणारे भेटतात. कंपनीत दहा माणसं असतील तर मालकानं अंतर्गत समिती नेमायची, अध्यक्ष बाईच पाहिजे. नेमली नाही तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आणि कायदा करणाऱ्यांना खेड्यातल्या बाईला जिल्ह्याचं ठिकाण किती लांब पडतं याची जाणीव होती, म्हणून प्रत्येक तालुक्याला नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. त्यानं तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायची जबाबदारी समितीची. एवढी सोय कागदावर आहे. तुमच्या तालुक्यातला नोडल अधिकारी कोण, हे पंचायत समितीत जाऊन विचारा. पहिल्या टेबलावर उत्तर मिळालं तर मला कळवा, पुढच्या अंकात त्या कार्यालयाचं नाव घेऊन कौतुक छापीन.

गोव्याच्या एका प्रकरणात, ऑरेलियानो फर्नांडिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं १२ मे २०२३ ला हेच म्हटलं होतं की दहा वर्षं झाली तरी अंमलबजावणीत गंभीर उणिवा आहेत. राज्यांनी समित्या आहेत का ते तपासावं. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सांगावं लागलं की या कायद्याखालचा जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या बसवा. देशातल्या सर्वात मोठ्या न्यायालयाला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते, तेव्हा दोष कायद्याच्या भाषेत नसतो.

खेळात तर याहून वाईट चित्र. जानेवारी २०२३ मध्ये कुस्तीपटू मुली जंतरमंतरवर बसल्या. साक्षी मलिक, विनेश फोगाट, ज्यांच्या पदकांवर देशानं फटाके उडवले त्या. आरोपांचा निवाडा कोर्ट करील. पण एक गोष्ट कोर्टाआधीच उघड झाली: कुस्ती महासंघात कायद्यानुसार तक्रार समितीच नव्हती. मग इतर खेळांकडे पाहिलं तर तीस राष्ट्रीय महासंघांपैकी निम्म्याच्या आसपास हीच गत, आणि मे २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला त्यांना नोटिसा काढाव्या लागल्या. दहा वर्षं जुना कायदा, ज्यात स्टेडियमचं नाव लिहिलेलं आहे, आणि खेळ चालवणाऱ्यांनी तो उघडला नाही. मुलीनं तक्रार करायची ती कुणाकडे? ज्याच्या हातात तिची निवड आहे त्याच्याकडे. निवड हातात असलेला माणूस मुलीच्या आयुष्याचा मालक होऊन बसतो, आणि म्हणून तिथं समिती बाहेरची, बाईच्या अध्यक्षतेखालची, निवडीशी संबंध नसलेली पाहिजे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा माणसं, त्यात किमान चार महिला. सुरक्षित क्रीडा धोरण. वेगळं क्रीडा न्यायाधिकरण. चांगलं झालं. पण भंडाऱ्याची मुलगी दिल्लीच्या न्यायाधिकरणापर्यंत पोचण्याआधी जिल्हा संघटनेच्या सचिवापाशी अडकते. शालेय स्पर्धेला गेली की वर्गखोलीत सतरंजीवर झोपते, दाराला कडी नसते, सोबत बाई प्रशिक्षक असतेच असं नाही. ती अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यात गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणाराही शिक्षेला पात्र ठरतो. गावाचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसलेल्या सरांनी, मॅडमनी आणि सचिवांनी हे एकदा नीट वाचावं.

बरोबरीचं बोलू. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. मधे बासष्ट वर्षं. या बासष्ट वर्षांत महाराष्ट्रात कुस्ती खेळणाऱ्या मुली नव्हत्या असं कुणी म्हणू नये, आखाडा नव्हता. क्रिकेटचं घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयनं बाई-पुरुषांची मॅच फी सारखी केली: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-ट्वेंटीला ३. मथळे छापून आले. पण वार्षिक करार? २०२४-२५ मध्ये पुरुषांच्या सर्वात वरच्या श्रेणीला ७ कोटी, महिलांच्या सर्वात वरच्या श्रेणीला ५० लाख. चौदा पट. मॅच फी सारखी असली तरी मुलींचे सामने कमी ठेवले तर कमाई सारखी होईल कशी? २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर मुलींनी विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती, मुंबईची जेमिमा. मंडळानं ५१ कोटी जाहीर केले. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वविजेत्या पुरुषांना १२५ कोटी होते. त्याच स्पर्धेत इंदूरला ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडूंचा रस्त्यावर विनयभंग झाला आणि मध्य प्रदेशच्या एका मंत्र्यानं सल्ला दिला तो खेळाडूंना, की बाहेर पडताना सांगून जायला हवं होतं. पाहुण्या मुलींना असं उत्तर मिळतं, तर साकोलीच्या धावपटूनं कुणाकडे बघायचं?

क्रिकेटचाच विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमची मालकी असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि बॉम्बे लेबर युनियन यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६८ मध्ये निकाल लागला: क्लब सभासदांचा आहे, तो उद्योग नाही. म्हणजे तिथल्या वाढप्यानं, माळ्यानं, हिरवळ राखणाऱ्यानं औद्योगिक कायद्याच्या दारात उभंच राहायचं नाही. दहा वर्षं हे असंच चाललं. १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांच्यासह सात न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं उद्योगाची व्याप्ती रुंद केली आणि क्लबांना मिळालेली ती सूट काढून घेतली. काम देणारा, काम करणारा आणि त्यातून लोकांना मिळणारी सेवा, हे तिन्ही असतील तर तो उद्योग. मालक नफा कमावतो की हौस भागवतो याच्याशी कामगाराचा संबंध नाही. पुढं २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बीसीसीआयलाही कर्मचारी राज्य विमा कायदा लागू होतो असं सांगितलं. जगातल्या सर्वात श्रीमंत क्रिकेट मंडळाला आपल्या कर्मचाऱ्यांचा विमा भरायचा की नाही यावर कोर्टात जायचं होतं. आयपीएल संपली की मैदान राखणाऱ्यांना बक्षीस दिल्याची बातमी येते. २०२४ मध्ये नेहमीच्या दहा मैदानांना प्रत्येकी २५ लाख मिळाले. त्या माणसांना मिळाले याचा आनंद आहे. पण मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा खेळपट्टीवर रोलर ओढणाऱ्याला सावली, पाणी, भर दुपारी सुट्टी आणि दवाखान्याचं कार्ड लागतं. ते दर महिन्याला लागतं. मंडळ खूश झाल्यावर नाही.

आता तलावाकडे या. पोहण्याच्या तलावावर धोका फक्त बुडण्याचा असतो असं आपल्याला वाटतं. पंपाच्या खोलीत डोकवा. एका कोपऱ्यात क्लोरीनचा ड्रम, दुसऱ्या कोपऱ्यात फरशी धुवायचं ॲसिड. दोन्ही एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो. हवेपेक्षा जड, खाली साचून राहणारा, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला. ती खोली बंद, खिडकी नाही, आणि बादलीनं माप घेणाऱ्या पोराच्या तोंडाला मास्क नाही, रुमाल आहे. १० ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडी तलावावर क्लोरीनची गळती झाली आणि विसेक जणांना दवाखान्यात हलवावं लागलं. पोहायला आलेले होते, तलावावर कामाला असलेलेही होते. पोहणारा एक तास येतो. कामगार आठ तास तिथंच श्वास घेतो. दोन्ही रसायनं वेगळ्या खोल्यांत ठेवा, खोलीला पंखा लावा, हाताळणाऱ्याला मास्क, चष्मा, मोजे द्या आणि त्याच्या भाषेत लिहिलेला कागद भिंतीवर चिकटवा. याला निधी लागत नाही. वर्षाच्या तिकिटाच्या पैशात सहज होतं.

बाराही महिने पहाटे चारला आपल्या रस्त्यांवर पोरं-पोरी धावतात. पोलीस भरती, सैन्य भरती. विदर्भातला हा सर्वात मोठा खेळ आहे, त्यात पदक नाही, नोकरी आहे. फी घेणाऱ्या अकॅडम्या गल्लोगल्ली आहेत. मैदान मात्र महामार्ग. ७ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे आरमोरी-गडचिरोली मार्गावर काटली गावाजवळ व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकनं चिरडलं, त्यातली चार गेली. मुख्यमंत्र्यांनी प्रत्येकी चार लाख जाहीर केले. अकॅडमी चालवणाऱ्यांना माझं थेट सांगणं आहे: फी घेता, तर पोरांना चमकणारे पट्टे द्या, समोरून येणारं वाहन दिसेल अशा बाजूनं धाववा, आणि अंधारात महामार्गावर नेऊच नका. गावाला मैदान नाही म्हणून ग्रामपंचायतीवर मोर्चा काढा. त्या मोर्च्यात मी येईन.

आणि जंगल. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडवलं. चित्रफीत फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, जिप्सीचालक आणि गाईड निलंबित झाले, दंड झाला. वाघिणीच्या बाजूनं कायदा उभा राहिला, ते योग्यच झालं. पण त्या उघड्या जिप्सीत मागच्या सीटवर बसून 'अजून पुढं घ्या, अजून पुढं' म्हणणारा कोण होता? फेरी मिळाली तर पैसे मिळतात, पाहुणा नाराज झाला तर पुढची फेरी जाते, आणि समोर बछड्यांसोबतची वाघीण. त्या क्षणी 'नाही' म्हणायची ताकद गाईडला कुठून येणार? निश्चित रोज, विमा आणि नकार देण्याचा लेखी अधिकार दिला, तर ती येते. जंगल हे धोक्याचं ठिकाण आहे हे ताडोबात नोव्हेंबर २०२१ मध्ये दिसलं. व्याघ्रगणनेच्या कामात असलेल्या महिला वनरक्षकाला वाघिणीनं मारलं. तिच्यासोबत मदतनीस होते, तरी ती वाचली नाही.

मग सरकार काय म्हणतं? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. सुरक्षेच्या संहितेत नियुक्तिपत्र आहे, आरोग्य तपासणी आहे, रात्रीच्या कामाला बाईची संमती आणि तिच्या सुरक्षेची अट आहे. पण पायरी दहा कामगारांची. राज्याच्या २०१७ च्या दुकानं-आस्थापना कायद्याची पायरी तर २०२५ मध्ये दहावरून वीसवर नेली. टर्फवर चार माणसं, जिममध्ये पाच, जिप्सीत दोन. दहा भरत नाहीत. मालकही भरू देत नाही. दहावा आला की तो ठेकेदाराच्या नावावर जातो. खेळ आणि मौजेच्या धंद्यातला बहुतेक कामगार या पायरीखाली राहतो, आणि माझ्या मते हाच या सगळ्या कायद्यांचा सर्वात मोठा दोष आहे. जीव जायचा धोका माणसं मोजून येत नाही. वीज, रसायन, पाणी, उंची आणि रात्रपाळी या पाच गोष्टी जिथं असतील तिथं एक कामगार असला तरी सुरक्षेची कलमं लागू व्हावीत.

करायचं मनात आलं तर सरकारला जमतं, याचा पुरावा आहे. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि गोविंदाचा मृत्यू झाल्यास दहा लाखांची तरतूद केली. पुढं लाखभराहून जास्त गोविंदांच्या विम्याचा हप्ता सरकारनं भरला. मुंबई-ठाण्याच्या थरांसाठी जे होतं ते झाडीच्या स्टेजसाठी का होऊ नये? बांबूवर चढणारा आमचा पोरगाही उंचावरूनच पडतो. भंडारा-गोंदियाच्या आमदारांनी येत्या नागपूर अधिवेशनात हा एकच प्रश्न विचारावा. हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा, कंपन्यांची नावं वडश्याच्या फलकांवर लिहिलेली. यादी करायला सर्वेक्षण लागत नाही.

मंडई मंडळांना माझी विनंती आहे, आणि ती हात जोडून आहे. या वर्षी वर्गणीच्या वहीत तीन ओळी आधी लिहा: बायांसाठी दाराला कडी असलेली पत्र्याची खोली आणि संडास, परवानाधारक वायरमनकडून जोडणी, आणि पहाटे निघणाऱ्या गाडीला रात्रभर झोपलेला ड्रायव्हर. नाटक ठरवताना कंपनीच्या मालकाला विचारा, तुमची तक्रार समिती कुठंय? नसेल तर त्या कंपनीला सुपारी देऊ नका. चार गावांनी असं केलं की समिती पुढच्या आठवड्यात होते.

आणि ज्या बाईला हे वाचून काही आठवलं असेल तिच्यासाठी: घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. समितीनं तुमचं नाव बाहेर फोडायचं नाही, तसं कलमच आहे. तक्रार तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक समितीकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.